फेरफार की नक्कल? : जावास्क्रिप्टमधला अ‍ॅरे शिकवताना आधी विचारायचा प्रश्न



आज जरा वेगळ्या धड्याबद्दल लिहितोय. बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात जावास्क्रिप्ट आहे आणि जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅरे आहे. पुढं आपल्यातलं जे मूल साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमध्ये किंवा सांगली, कोल्हापूर, कराडच्या एखाद्या कॉलेजात संगणकाकडे वळेल, त्याला अ‍ॅरे पुन्हा भेटणारच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर सहावी ते आठवीच्या टप्प्यातच कोडिंगची ओळख करून द्यायला सांगितलंय. त्यामुळे इस्लामपुरातला पालकही आता विचारतो, "सर, पोरगं कोडिंग शिकतंय म्हणतंय, पण शिकतंय म्हणजे नेमकं काय?"

प्रश्न रास्त आहे. मुलांच्या वह्या उघडून बघा. अ‍ॅरेच्या पानावर बहुतेक एक यादी असते. पुश शेवटी घालतो. पॉप शेवटचं काढतो. शिफ्ट पहिलं काढतो. स्लाइस तुकडा देतो. सॉर्ट क्रम लावतो. अशी दहा-पंधरा नावं, समोर एकेक ओळ. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळतात. पण त्याच मुलाला विचारा, "सॉर्ट केल्यावर तुझ्या मूळ यादीचं काय झालं?" मूल आपल्याकडे बघत राहतं. कारण हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसतो.

माझं मत सरळ आहे. अ‍ॅरे शिकवताना मेथडची यादी नंतर द्यावी. आधी एक प्रश्न मुलांच्या अंगवळणी पाडावा : मूळ यादी बदलली, की मूळ तशीच राहून नवी मिळाली? हा एक प्रश्न ज्याला पडतो, त्याला मेथड पुस्तकात बघूनही वापरता येतात. ज्याला पडत नाही, त्याच्या पन्नास मेथड पाठ असल्या तरी त्यानं केलेल्या यादीवर भरवसा ठेवता येत नाही. आणि हा प्रश्न शिकवायला लागणारे शब्द आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात आधीपासून आहेत. तिकडे येतोच. त्याआधी पाया बघू.

अ‍ॅरे म्हणजे रांग

अ‍ॅरे म्हणजे एका नावाखाली ओळीनं ठेवलेल्या वस्तू. वर्गाचं हजेरीपत्रक, डेअरीतल्या आठवड्याभराच्या फॅटची नोंद, शेतातून कारखान्याला गेलेल्या खेपांची वजनं, या सगळ्या याद्याच. जावास्क्रिप्टमध्ये चौकोनी कंसात स्वल्पविराम देऊन लिहिलं की झाला अ‍ॅरे :

गुण = [६२, ४८, ९१, ७५]

एक गंमत मुलांना जरूर दाखवा. यादीचं नाव देवनागरीत दिलेलं जावास्क्रिप्टला चालतं. 'गुण', 'वजने', 'दूध' अशी नावं देऊन प्रोग्रॅम चालतो. अंक मात्र इंग्रजी आकड्यांतच द्यावे लागतात, मराठी आकडे त्याला संख्या म्हणून कळत नाहीत. इथं मी छापताना मराठी आकडे वापरलेत, मशीनवर टाइप करताना तेवढं बदलून घ्यायचं.

आता पहिली अडचण. या यादीतला ६२ कितव्या जागेवर? मुलं म्हणतात पहिल्या. संगणक म्हणतो शून्याव्या. बऱ्याच ठिकाणी इथं "संगणकात शून्यापासून मोजतात, पाठ करा" एवढंच सांगून पुढं जातात. पाठ कशाला करायचं? आपण स्वतः रोज तसंच मोजतो. इमारतीत आधी तळमजला, त्यावर पहिला मजला. अमेरिकेत जमिनीलगतच्या मजल्यालाच पहिला म्हणतात, आपल्याकडे नाही. आपल्याकडे मजल्याचा आकडा सांगतो की जमिनीपासून किती मजले चढायचे. तळमजल्यासाठी शून्य चढायचे.

इंडेक्सचंही तेच. 'कितवा?' असं विचारू नका, 'याच्या पुढं किती जण उभे आहेत?' असं विचारा. रांगेत सगळ्यात पुढं उभा असलेल्याच्या पुढं कुणी नाही, म्हणून त्याचा इंडेक्स शून्य. चौथ्याच्या पुढं तिघं, म्हणून त्याचा इंडेक्स तीन. मग शेवटचा इंडेक्स नेहमी लांबीपेक्षा एकनं कमी का, हेही आपोआप कळतं.

हे नीट कळलं नाही तर काय होतं? मूल लूप लिहिताना 'लांबीपेक्षा कमी' ऐवजी 'लांबीएवढं किंवा कमी' लिहितं. चार गुणांच्या यादीत पाचवी जागा वाचली जाते. तिथं काहीच नसतं. जावास्क्रिप्ट थांबत नाही, ओरडत नाही, 'अनडिफाइन्ड' म्हणून पुढं जातं. ते बेरजेत मिसळलं की एकूण गुणांच्या जागी 'नॅन', म्हणजे 'नॉट अ नंबर', येतं. ही चूक निदान दिसते तरी. पुढं ज्या चुका सांगणार आहे, त्या दिसतही नाहीत.

कारखान्याच्या रांगेतून चार मेथड

गळीत हंगामात कारखान्याच्या आवारात उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागते, ती आपल्या मुलांनी पाहिलेली असते. नवी गाडी आली की शेवटी उभी राहते. हे पुश. पुढची गाडी वजनाला गेली की रांगेतून कमी होते. हे शिफ्ट. मधेच कुणी ओळखीनं सगळ्यात पुढं गाडी घातली तर ते अनशिफ्ट, आणि मग मागचे ड्रायव्हर काय म्हणतात ते मुलांना सांगायची गरज नाही! शेवटचा ड्रायव्हर कंटाळून गाडी वळवून गेला तर ते पॉप.

यातून एक बारीक गोष्ट शिकवून घ्या. पुढची गाडी निघाली की मागच्या प्रत्येकाचा इंडेक्स एकनं कमी होतो. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, ऊसही तोच, पण आकडा बदलला. म्हणजे इंडेक्स ही जागा आहे, ओळख नव्हे. गाडीची ओळख तिच्या नंबरप्लेटवर असते. विद्यार्थ्याची ओळख हजेरी क्रमांकावर असते. जागेलाच ओळख समजून चाललेलं मूल पुढं हमखास गोंधळतं.

आता सातबाऱ्याकडे

वर सांगितलेल्या चारही मेथड मूळ रांगच बदलतात. रांगेचं ते कामच आहे. पण सगळ्या मेथड अशा नाहीत. इथं मला आपल्या तलाठी कचेरीतले दोन शब्द हवेत : फेरफार आणि नक्कल.

जमीन विकली, वाटणी झाली, वारस लागले, की फेरफार नोंद धरली जाते. मूळ दप्तर बदलतं. उलट बँकेला, सोसायटीला कागद द्यायचा असला की आपण सातबाऱ्याची नक्कल काढतो. नकलेवर पेनानं खुणा करा, घडी घाला, फाडून टाका, दप्तराला काही होत नाही. फेरफार आणि नक्कल यांतला फरक आपल्याकडे निरक्षर आजीलाही कळतो. तिला कुणी 'नक्कल आणलीय' म्हणालं तर ती शांत असते. 'फेरफार झाला' म्हणालं तर ती चष्मा शोधते.

योगायोग बघा. जमिनीच्या फेरफाराला इंग्रजी कागदांत 'म्युटेशन' म्हणतात. आणि मूळ अ‍ॅरे बदलणाऱ्या मेथडना प्रोग्रॅमरही 'म्युटेटिंग' म्हणतात. शब्द एकच. म्हणजे आपण इथं उपमा ओढूनताणून आणत नाही आहोत, नेमका मराठी शब्दच वापरतो आहोत. मग फळ्यावर तीन रकाने पाडायचे :

फेरफार करणाऱ्या : पुश, पॉप, शिफ्ट, अनशिफ्ट, स्प्लाइस, सॉर्ट, रिव्हर्स, फिल.

नक्कल देणाऱ्या : स्लाइस, कॉन्कॅट, मॅप, फिल्टर.

नुसतं बघून उत्तर देणाऱ्या : इन्क्लूड्स, इंडेक्सऑफ, फाइंड, जॉईन, रिड्यूस.

तीच यादी, पण आता ती पाठ करायची यादी राहिली नाही. प्रत्येक मेथड वापरण्याआधी 'ही दप्तराला हात लावते का?' हा प्रश्न तयार झाला. स्लाइस आणि स्प्लाइस यांत इंग्रजीत एका 'पी'चा फरक आहे, पण पहिली नक्कल देते आणि दुसरी दप्तरातली पानं काढते. पाठांतरवाल्या मुलाच्या हातून नेमकी इथंच गफलत होते.

फरक एका बाबतीत मात्र आहे, आणि तो मुलांना ठासून सांगावा. तलाठ्यानं फेरफार धरला की संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतो. जुन्या फेरफाराचा नंबर सातबाऱ्यावर राहतो, त्यामुळे मागचा इतिहास शोधता येतो. जावास्क्रिप्टमध्ये यातलं काही नाही. नोटीस नाही, मुदत नाही, जुनी नोंद नाही. सॉर्ट म्हटलं की त्याच क्षणी मूळ क्रम गेला, तो परत मिळवायचा तर आधी नक्कल काढून ठेवलेली असायला हवी.

दुसरं नाव म्हणजे नक्कल नव्हे

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा. मूल सावध होतं आणि म्हणतं, "सर, मी आधी कॉपी घेतली." आणि लिहिलेलं असतं :

जुनेगुण = गुण

ही कॉपी नाही. हे त्याच यादीला दिलेलं दुसरं नाव आहे. आपल्या तालुक्याचं नाव वाळवा, पण तहसील कचेरी इस्लामपुरात. कुणी 'वाळवा तहसील' म्हणो नाहीतर 'इस्लामपूरची कचेरी' म्हणो, माणूस पोचतो एकाच दारात. दोन नावं झाली म्हणून दोन कचेऱ्या होत नाहीत. तसंच 'गुण' सॉर्ट केले की 'जुनेगुण'ही सॉर्ट झालेले दिसतात, कारण यादी एकच आहे. खरी नक्कल हवी तर 'गुण'वर स्लाइस वापरावं लागतं, किंवा चौकोनी कंसात तीन टिंबं देऊन यादी नव्यानं मांडावी लागते. ही तीन टिंबांची सोय २०१५ पासून भाषेत आली.

याच्याच जोडीला 'कॉन्स्ट' शब्दाचा गैरसमज. 'कॉन्स्ट' लिहिलं की यादी कायमची बंद झाली असं मुलांना वाटतं. तसं नाही. 'कॉन्स्ट' एवढंच सांगतो की हे नाव दुसऱ्या यादीला लावता येणार नाही. यादीत भर घालायला, काढायला, उलटंपालटं करायला पूर्ण मोकळीक असते. दारावरची पाटी पक्की, घरातलं सामान नाही.

आणि एक शेवटची पायरी, थोडी मोठ्या मुलांसाठी. यादीत नुसते आकडे नसून प्रत्येक विद्यार्थ्याची पूर्ण नोंद असेल, म्हणजे नाव, क्रमांक, गुण, तर स्लाइसनं काढलेली नक्कल वरवरची असते. यादी नवी, पण आतल्या नोंदी त्याच. सातबाऱ्याच्या तुम्ही दहा नकला काढा, त्यात लिहिलेलं रान एकच असतं. रानात बांध फोडला तर दहाही नकलांवरच्या मालकाला त्रास होणार! आतल्या नोंदींचीही खरी नक्कल हवी असेल तर 'स्ट्रक्चर्डक्लोन' नावाची वेगळी सोय आहे.

नुकसान कुणाचं होतं?

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, प्रोग्रॅम चुकला तर दुरुस्त करू. म्हणून एक उदाहरण पूर्ण करून बघू. हे फळ्यावर करायला दहा मिनिटं लागतात.

दोन याद्या आहेत. 'क्रमांक' मध्ये हजेरी क्रमांक : १, २, ३, ४. 'गुण' मध्ये त्यांचे गुण : ६२, ४८, ९१, ७५. मुलानं वर्गातले सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त गुण शोधायला 'गुण' सॉर्ट केले. यादी झाली ४८, ६२, ७५, ९१. कमीत कमी ४८, जास्तीत जास्त ९१. उत्तर बरोबर. मग त्यानं खाली दोन्ही याद्या शेजारी ठेवून निकाल छापला.

काय छापलं गेलं? १ नंबरला ६२ होते, मिळाले ४८. २ नंबरला ४८ होते, मिळाले ६२. ३ नंबरला ९१ होते, मिळाले ७५. ४ नंबरला ७५ होते, मिळाले ९१. चारही जणांचा निकाल चुकला. आणि तपासायला गेलात तर? बेरीज आधीही २७६, नंतरही २७६. सरासरी दोन्ही वेळा ६९. उत्तीर्ण किती, तेवढेच. एरर एकही नाही. आपण शिक्षक ज्या पद्धतीनं निकालपत्रकाचा ताळा घेतो, त्या सगळ्या ताळ्यांतून ही चूक सहीसलामत निघून जाते.

वर्गातल्या चार गुणांत हे झालं. हेच सोसायटीच्या सभासदांच्या दूधबिलात झालं तर? खेपांच्या वजनाच्या यादीत झालं तर? एकूण रक्कम जुळलेली, कागद स्वच्छ छापलेला, आणि एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर. ज्याचे गेले तो काउंटरवर येऊन म्हणणार, आणि त्याला उत्तर मिळणार, "कॉम्प्युटरनं काढलंय, चुकणार कसं?" आपल्या हातून शिकलेली मुलंच उद्या असे प्रोग्रॅम लिहिणार आहेत आणि आपल्याच घरातली माणसं त्या काउंटरसमोर उभी राहणार आहेत. म्हणून मला हा प्रश्न परीक्षेतल्या दोन गुणांपेक्षा मोठा वाटतो.

सॉर्टची आणखी एक खोड

वरच्या उदाहरणात क्रम तरी बरोबर लागला, कारण सगळे गुण दोन अंकी होते. आता ही यादी घ्या : ७८, ३५, १००, ९. नुसतं सॉर्ट म्हणा. येतं काय? १००, ३५, ७८, ९.

मुलांना आधी अंदाज लिहायला लावा, मगच चालवून दाखवा. वर्ग जागा होतो! कारण असं की जावास्क्रिप्टचं सॉर्ट, वेगळं काही सांगितलं नाही तर, आकड्यांना शब्द समजून शब्दकोशासारखं लावतं. 'अननस' हा शब्द 'आंबा'च्या आधी येतो तो लांबीमुळे नव्हे, पहिल्या अक्षरामुळे. तसंच १०० ची सुरुवात १ नं होते म्हणून तो ९ च्या आधी. आता गुणवत्ता यादीसाठी कुणी हे सॉर्ट करून उलटं केलं, तर पहिला येतो ९ गुणवाला आणि शंभर गुणवाला येतो शेवटी.

उपाय एका ओळीचा आहे. सॉर्टला तुलना कशी करायची ते सांगायचं : (अ, ब) => अ - ब. वजाबाकी ऋण आली तर अ आधी, धन आली तर ब आधी. पण उपायापेक्षा मोठा धडा वेगळा. हा प्रोग्रॅम वर्षभर बरोबर चालू शकतो. ज्या दिवशी एखाद्याला पैकीच्या पैकी पडतात, त्याच दिवशी तो चुकतो. म्हणून 'चालवून बघितलं, बरोबर आलं' याला तपासणी म्हणत नाहीत. एक अंकी, दोन अंकी, तीन अंकी आणि सारखे आकडे घालून बघितलं, तर ती तपासणी.

ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत पहिल्यांदा अवघ्या दहा दिवसांत उभी केली. वेब पानांवरच्या छोट्या कामांसाठी ती होती. आज तिच्यावर केवढा कारभार चालतो! जुन्या पानांचं काम बंद पडू नये म्हणून जुन्या खोडी काढता येत नाहीत. पण भाषा सांभाळणाऱ्यांनाही फेरफाराचा त्रास जाणवलाच. २००९ च्या आवृत्तीत मॅप, फिल्टर, रिड्यूस आल्या. आणि २०२३ मध्ये 'टूसॉर्टेड', 'टूरिव्हर्स्ड', 'टूस्प्लाइस्ड' अशा नव्या मेथड आल्या. त्या काय करतात? तेच काम, पण मूळ यादीला हात न लावता, नव्या यादीवर. म्हणजे 'फेरफार की नक्कल' हा प्रश्न इतका खरा आहे की जवळपास तीन दशकांनी भाषेनंच त्यासाठी वेगळी सोय केली.

मग मॅप, फिल्टर, रिड्यूस

हे तिन्ही शब्द मुलांना जड वाटतात. दुधाची यादी घ्या, सात दिवसांचे लिटर. प्रत्येक दिवसाच्या लिटरला दरानं गुणून सात दिवसांचे पैसे काढले, हे मॅप. सात घातले, सातच बाहेर येणार. पाच लिटरपेक्षा जास्त दूध कोणत्या दिवशी आलं तेवढेच आकडे वेगळे काढले, हे फिल्टर. सात घातले तर शून्य ते सात यांतलं काहीही बाहेर येईल. सगळ्या पैशांची बेरीज करून एक आकडा काढला, हे रिड्यूस. सात घातले, एक उत्तर आलं.

किती घातले आणि किती आले, एवढं मुलानं बोटांवर सांगितलं तरी अर्धं काम झालं. आणि तिन्ही वेळा डेअरीचं मूळ कार्ड जसंच्या तसं राहिलं, हे उरलेलं अर्धं.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप सहकाऱ्यांचा : "परीक्षेत एवढं विचारत नाहीत." मान्य. पण फळ्यावर तीन रकाने पाडायला एक तास लागतो, आणि रकान्यात बसलेली मेथड परीक्षेतही जास्त लक्षात राहते. गुण जात नाहीत, उलट वाढतात.

दुसरा हल्ली सगळीकडे ऐकू येतो : "आता एआय कोड लिहून देतंय, मुलानं हे शिकायचं कशाला?" वरचं निकालाचं उदाहरण आठवा. तो कोड माणसानं लिहिला असो की एआयनं, तो चालतो, एरर देत नाही, बेरीजही जुळते. मग चूक पकडणार कोण? ज्याला 'मूळ यादी बदलली का?' हा प्रश्न पडतो तोच. लिहिण्याचं काम कमी होईल, पण तपासणाऱ्याचं काम वाढणार आहे.

तिसरा पालकांचा : "सातबारा, फेरफार असं शिकवलंत तर पोरगं पुण्याच्या मुलाखतीत इंग्रजीत काय सांगणार?" काळजी खरी आहे. पण शब्द आधी आणि अर्थ नंतर, असं केलं की शब्दही अर्धवट राहतो. फेरफार कळलेलं मूल 'म्युटेशन' हा शब्द पाच मिनिटांत उचलतं. 'म्युटेशन' नुसतं पाठ केलेलं मूल मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नाला अडतं.

एक गोष्ट मात्र मुलांना चुकीची जाऊ देऊ नका. फेरफार म्हणजे वाईट असं नाही. रांगेचं काम फेरफारानंच होतं. यादी खूप मोठी असेल तर दर वेळी नक्कल काढणं मशीनलाही जड जातं. फेरफार करावा, पण जाणून करावा, एवढंच म्हणणं आहे.

वर्गात आणि घरी काय करता येईल

शिक्षकांसाठी. लॅबमध्ये एका मशीनवर तीन मुलं, ही आपली परिस्थिती. म्हणून पहिला तास मशीनशिवाय घ्या. कागदाच्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहून बाकावर ओळीनं ठेवा. एक मुलगा मेथड बोलेल, दुसरी मुलगी चिठ्ठ्या हलवेल, तिसरा वहीत दोन गोष्टी लिहील : हातात काय आलं आणि बाकावर काय राहिलं. पॉपमध्ये हातात शेवटची चिठ्ठी येते, बाकावर एक कमी. पुशमध्ये हातात चिठ्ठी येत नाही, नवी लांबी येते. स्लाइसमध्ये नव्या चिठ्ठ्या लिहाव्या लागतात, बाकावरच्या तशाच. दुसऱ्या तासाला ब्राउझरमध्ये एफ बारा दाबून कन्सोलमध्ये तेच करा. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. आणि नियम एकच : आधी अंदाज वहीत, मग एंटर.

पालकांसाठी. तुम्हाला कॉम्प्युटर येत नसला तरी चालेल. क्लासचं सर्टिफिकेट बघण्यापेक्षा जेवताना मुलाला चार प्रश्न विचारा. तुझ्या यादीत पहिली वस्तू कोणत्या नंबरवर आणि का? तू जे केलंस त्यानं मूळ यादी बदलली का? तू कॉपी काढलीस की नुसतं दुसरं नाव दिलंस? आणि यादीत एखादी वस्तू नसेल किंवा वेगळ्याच प्रकारची असेल तर तुझा प्रोग्रॅम काय करील? मूल या चार प्रश्नांची उत्तरं साध्या मराठीत, तुम्हाला कळतील अशी देत असेल, तर तुमची फी सत्कारणी लागतेय. "तुम्हाला नाही कळायचं ते" असं म्हणत असेल, तर बहुतेक त्यालाही ते अजून कळलेलं नाही.

कागदाच्या बाबतीत आपल्या भागातली माणसं फार जागरूक आहेत. सही करण्याआधी 'हे मूळ आहे का नक्कल?' हे ती विचारतातच. तोच प्रश्न स्क्रीनवरच्या यादीलाही विचारायची सवय आपल्या मुलांना लागली पाहिजे. मेथड बदलतील, नव्या येतील, भाषाही कदाचित दुसरी येईल. हा प्रश्न प्रत्येक भाषेत उपयोगी पडेल.